घोरपडीचा तिसरा बेल्ट

१

तिसरा बेल्ट तुटला तेव्हा गुंजन मातीच्या ढिगावर बसून भाजलेल्या शेंगा खात होती, आणि तो आवाज सगळ्यांच्या आधी तिनेच ऐकला. ओली चादर जोरात झटकावी तसा फट्कन आवाज. मग इंजिन एकटंच बोंबलत सुटलं आणि घोरपड चढाच्या मध्यावर जागच्या जागी उभी राहिली.

घोरपड ही सपनाताईच्या कॉलेजची बग्गी. चार जाडजूड टायर, पाइपांचा सांगाडा, एक सीट, आणि छपराच्या नावाने आभाळ. दगड, खड्डे, नाले तुडवण्यासाठी बनवलेली. वर्धा-देवळी रस्त्यावरच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पोरापोरींनी दीड वर्ष खपून ती उभी केली होती, आणि पंधरा दिवसांनी अशाच गाड्यांची मोठी शर्यत होती. त्या शर्यतीत घोरपड चालवणार होती सपना, गुंजनची सख्खी मोठी बहीण. देवळीच्या त्यांच्या गल्लीत ही बातमी एवढी फिरली होती की भाजीवालीसुद्धा 'पोट्टी गाडी उडवते म्हणे' असं विचारायची.

या गाडीला गिअर नसतात. इंजिनाकडे एक पुली, चाकांकडे एक पुली. वेग वाढेल तशा त्या आवळतात, सैल होतात, आणि त्यांच्यामधला जाड, दातेरी बेल्ट वर चढतो, खाली उतरतो. गाडीची सगळी ताकद त्या एका बेल्टातून जाते. तो तुटला की इंजिनाने कितीही आरडाओरडा करावा, चाकांना काही ऐकू येत नाही.

सपनाने हेल्मेट काढलं. तिचा चेहरा घामाने आणि धुळीने चितारला होता. टीमचे योगेंद्र सर चढ चढून आले, तुटका बेल्ट उचलून त्यांनी पाहिला न पाहिला आणि सगळ्यांसमोर बोलले. चाचण्यांच्या मैदानावर ते कधी आवाज चढवत नसत, आजही चढवला नाही; त्यामुळे ते जास्तच लागलं.

"हा तिसरा, सपना. मधे भूपेंद्रने गाडी चालवली, तेव्हा एक बेल्ट आठ दिवस टिकला. तुझ्या हाताखाली एक दिवस टिकत नाही. तू रेस आणि ब्रेक एकदम दाबत असशील. मंगळवारी शेवटची चाचणी, तीस फेऱ्या. चौथा तुटला, तर शर्यतीत भूपेंद्र बसेल."

सपना हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिली. आणि ते पाहून गुंजनच्या हातातल्या शेंगा हातातच राहिल्या. घरात वीज गेली तरी महावितरणशी भांडायला पहिली उभी राहणारी आपली ताई मान खाली घालून उभी आहे, हे तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

मागच्या वर्षीपर्यंत गुंजन वर्गात हजेरीलासुद्धा हळूच 'यस सर' म्हणायची. अकरावीत मात्र एकदा फिजिक्सच्या तासाला तिने धीर करून शंका विचारली, कोणी हसलं नाही, उलट सर म्हणाले की हे मलाही बघावं लागेल. त्या दिवसापासून तिला विचारायची चटक लागली होती.

ती ढिगावरून खाली घसरली, ओढणी झटकली आणि सरांपुढे जाऊन उभी राहिली.

"सर, ताईचे तिन्ही तुटके बेल्ट मले पाहिजेत. मंगळवारी वापस आणते."

सरांनी हातातला बेल्ट तिला दिला आणि बाकीचे दोन मागवले. मागे कोणीतरी फिसकन हसलं. तो भूपेंद्र होता, टीमचा दुसरा ड्रायव्हर.

२

सगळे बेल्ट प्रभाकररावांच्या दुकानातून आले होते. वर्ध्यात बेल्ट आणि बेअरिंगचं त्यांचं जुनं दुकान. पिठाच्या गिरणीपासून सोयाबीनच्या मळणीयंत्रापर्यंत कोणाचंही चाक अडलं की माणूस तिथे जायचा. टीममधली अर्धी पोरं म्हणत होती की म्हाताऱ्याने डुप्लिकेट माल गळ्यात मारला. म्हणून शनिवारी संध्याकाळी गुंजन दप्तरात तीन मेलेले बेल्ट घेऊन थेट त्यांच्याच काउंटरवर धडकली.

माल डुप्लिकेट आहे का, असं तिने तोंडावरच विचारलं. प्रभाकररावांचा चष्मा नाकावरून घसरला. चाळीस वर्षांत त्यांना हे कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारणारी त्यांच्या नातीच्या वयाची. रागाच्या भरात त्यांनी आतून खोकं आणून तिच्यापुढे आदळलं. आतापर्यंतचे चारही बेल्ट एकाच खोक्यातले, एकाच दिवशी नागपूरहून आलेले. खोक्यात पाच होते, तीन सपनासाठी गेले, एक भूपेंद्र स्वतः येऊन घेऊन गेला, आणि शेवटचा परवा कॉलेजात पाठवला. नवा माल आता महिनाअखेरीला.

एकाच खोक्यातला भूपेंद्रचा आठ दिवस टिकला, म्हणजे माल खोटा नाही. गुंजनने मनातल्या यादीतून म्हाताऱ्यावर काट मारली आणि त्यांची माफीही मागितली. त्याने प्रभाकरराव इतके विरघळले की त्यांनी तिला स्टुलावर बसवून चहा मागवला आणि बेल्ट दिव्याखाली धरले.

मग त्यांनी जे सांगितलं ते गुंजन शाळेतल्या कुठल्याही धड्यापेक्षा लक्ष देऊन ऐकत होती. ड्रायव्हर चुकला, गाडी उभी धरून रेस देत बसला, तर बेल्ट एका जागी जळतो, खोलगट होतो, आरशासारखा चकाकतो, जळक्या रबराचा वास महिनाभर जात नाही. पुली वाकडी बसली तर एकच कड झिजते. आत दगड गेला तर दाते उपटतात.

गुंजनने तिन्ही बेल्ट हुंगले. नव्या रबराचा वास. कडा कोऱ्या, दाते सगळे जागेवर. फक्त एका ठिकाणी आडवी तूट.

"मग कोणी ब्लेड मारलं असंन?" तिने विचारलं.

प्रभाकररावांनी तुटलेल्या टोकावर नख फिरवलं. ब्लेड मारलं असतं तर रबरही गुळगुळीत कापलं गेलं असतं, ते म्हणाले. इथे रबर ओढून फाटलंय. पण रबराच्या पोटात बारीक दोर असतात, खरी ताकद त्यांची, आणि ते दोर मात्र सगळे एका सरळ रेषेत मोडलेत.

"पोरी, हा बेल्ट गाडीत तुटलाच नाई," ते सावकाश म्हणाले. "गाडीवर चढला तवाच तो आतून मोडेल होता."

३

रविवारभर गुंजनने घरात पसारा मांडला. आई ओरडली, ताईने तर खोलीचं दार लावून घेतलं होतं. गुंजन दाराबाहेरून म्हणाली की ताई, तू काही चुकली नाहीस, बेल्टावर जळल्याची खूणच नाही. आतून उत्तर आलं की सरांना सांग. ताईचा आवाज रडून बसलेला होता.

सरांना सांगायला मात्र 'कोणी' आणि 'कसं' दोन्ही लागणार होतं.

दुपारी उन्हाच्या पट्ट्यात बेल्ट पसरताना तिला ते दिसलं. तुटलेल्या टोकांशी आतल्या बाजूला, दात्यांच्या खोबणीत, तांबूस डाग. गंजाचा. तिन्ही बेल्टांना, तिथेच. एवढंच नाही, तर बरोबर उलट अंगालाही एक फिकट तांबूस रेघ होती, आणि त्या रेघेवर बेल्ट बोटाने दाबला की तो बिजागरीसारखा दुमडायचा. बाकी कुठेही दाबला तर गोल वळायचा. तिने दोन्ही तुटकी टोकं जुळवून बेल्ट मधोमध धरला. मध्य अगदी त्या रेघेवर आला. दुसऱ्याचाही. तिसऱ्याचाही.

म्हणजे प्रत्येक बेल्टला दोन जखमा होत्या, एकमेकींच्या बरोबर समोर. एक गाडीत फुटली, दुसरी वाट पाहत होती.

कोणी दप्तरात कोंबताना चेपला असेल? मग गंज कुठून आला? वरून आणि खालून, दोन्हीकडून बारीक लोखंडाने घट्ट ओढल्याशिवाय असं होणार नाही, असं तिने वहीत लिहिलं आणि खाली तीन नावं लिहिली. स्टोअरची किल्ली तिघांकडेच असते, हे ताईने दारामागून सांगितलं होतं. योगेंद्र सर. भूपेंद्र. आणि स्टोअर सांभाळणारे म्हातारे नत्थूजी.

शर्यत जिंकावी म्हणून सरांनी स्वतःची मोटारसायकल खोलून तिचे स्प्रिंग गाडीला दिले होते. ते स्वतःच्याच गाडीचा घात कशाला करतील? नत्थूजी तर ताईला 'माही सपनाबाई' म्हणायचे.

राहिला भूपेंद्र.

४

सोमवारी तिचं अकरावीचं कॉलेज सुटल्यावर देवळीच्या बसमधून ती मधेच, ताईच्या कॉलेजपाशी उतरली. भूपेंद्र वर्कशॉपच्या दारात टायरवर बसून समोसा खात होता. गुंजनला बघून त्याने विचारलं की सीआयडीवाल्या बाई, पकडला का चोर.

"पकडायलेच आली," गुंजन म्हणाली. "दादा, ताई उतरली तर गाडी तुले भेटते. खरं हाय का नाई?"

भूपेंद्रने समोसा खाली ठेवला. तो चिडेल असं तिला वाटलं होतं, पण त्याने बोटं पँटला पुसून सरळ कबूल केलं.

"खरं हाय. मले चालवाचीच हाय ते गाडी, पयल्या दिवसापासून. पन तिच्या चुकीनं मले भेटली तर लोक काय म्हनतीन, बायकोच्या जागी बसला म्हनतीन का पोरीच्या जागी बसला म्हनतीन? मले तिले हरवून पाहिजे ते गाडी."

बायको कुठून आली मधे, असं गुंजनच्या अगदी जिभेवर आलं होतं, पण तिने ते गिळलं. तिने त्याला फक्त त्याच्या बेल्टाबद्दल विचारलं. त्यात काही लपवण्यासारखं नव्हतं. त्या दिवशी तो दुकानातून बेल्ट घेऊन सरळ मैदानावर आला, तिथेच वेष्टन फोडलं आणि तिथेच चढवला. आठ दिवसांनी सरांनी तो उतरवला आणि शर्यतीसाठी जादा म्हणून त्याच्याचकडे जपायला दिला.

"आन ताईचे?"

तिचे दोन-दोन दिवस आधी स्टोअरात येऊन पडायचे, भूपेंद्र म्हणाला. बोलता बोलता तो थांबला. एक गोष्ट त्याला तेव्हा विचित्र वाटली नव्हती, आता वाटत होती. शनिवारी तो सपनाचा बेल्ट आणायला स्टोअरात गेला तेव्हा वेष्टन रिकामं पडलं होतं. बेल्ट बाहेर काढून, स्वच्छ पुसून, फडक्यावर ठेवलेला होता. पूजेला ठेवावा तसा.

गुंजन स्टोअरच्या दाराकडे बघत राहिली. आत कोणीतरी गुणगुणत होतं.

५

नत्थूजींनी तिला बघून खुर्ची पुसली. सत्तरीचे, सडसडीत, खाकी शर्टाच्या खिशात नेहमी एक पाना. बत्तीस वर्षं ते कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते; जिन बंद पडली तेव्हा कॉलेजने त्यांना स्टोअर सांभाळायला ठेवलं. पोरं त्यांना टाइमपास म्हणून जुन्या गोष्टी सांगायला लावायची आणि मधेच उठून जायची. शेवटपर्यंत ऐकायची ती एकटी सपना.

गुंजनने ठरवलं होतं की सरळ विचारायचं. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून तिने वाट बदलली. जिनात पट्टे केवढे असायचे हो आबाजी, असं तिने विचारलं.

बस. नत्थूजी खुलले. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, हाताएवढे रुंद, कापडाचे नाहीतर चामड्याचे. एका इंजिनावर बारा यंत्रं फिरायची. आणि पट्टा सैल पडला की अख्खी जिन उभी, बाहेर कापूस भरलेल्या बैलबंड्यांची रांग. म्हणून त्यांच्या उस्तादाने त्यांना पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवली होती.

"कोरा पट्टा कधी चढवाचा नाई, बाई. कोरा पट्टा वाढते. आंधी दोन दिवस टांगून ठेवाचा, खाली वजन लावाचं, ताणून घ्याचा. मंग चढवला का वर्षभर त्याच्याकडे पाहाचं काम नाई. हे आजकालच्या पोट्ट्यायले कोन सांगते?"

गुंजनला तुटक्या बेल्टांवरचे तांबूस डाग आठवले. हळूहळू तिने मान वर केली.

फळीच्या वर, लोखंडी तुळईत एक गंजका खिळा ठोकलेला होता. खिळ्यावर पाचवा बेल्ट, शेवटचा, लांबट होऊन लोंबत होता. त्याच्या खालच्या टोकात तारेचा आकडा, आणि आकड्याला जिनातलं जुनं वीस किलोचं वजन.

"सपनाबाईचे तिनई मीनंच ताणले," नत्थूजी अभिमानाने सांगत होते. "त्या भूपेंद्रनं तर टाइमच नाई देल्ला, तसाच कोरा चढवला. म्या म्हनलं तुटीन. नाई तुटला, नशीब त्याचं. पन बाईचे कायले तुटतेत, थेच समजत नाई मले. म्हनून यावेळी वजन वाढवलं."

चामड्याचा पट्टा ताणला तर वाढतो, आणि वाढून निवांत होतो. या बेल्टातले दोर वाढतच नाहीत. ओढायला ते वाघ आहेत, पण बारीक खिळ्यावर मोडून दाबले की आतल्या आत तुटतात. ज्या माणसाला ताईची सगळ्यात जास्त काळजी होती, त्याच्याच काळजीने तिचे तीन बेल्ट मारले होते.

हे त्याला सांगायचं कसं?

 गुंजनने दप्तरातला एक तुटका बेल्ट काढला, नत्थूजींच्या हातात दिला आणि त्या फिकट रेघेवर त्यांचं बोट ठेवलं. म्हाताऱ्या फिटरने बेल्ट दाबला. तो तिथे दुमडला. मग दुसरीकडे दाबला, तिथे गोल वळला. त्यांनी डाग पाहिला. खिळा पाहिला. बत्तीस वर्षं यंत्रांचं दुखणं ओळखणाऱ्या माणसाला अजून काही सांगायची गरज नव्हती.

ते खाली बसले. त्यांनी एवढंच विचारलं की बाईला मालूम आहे का.

६

मंगळवारी मैदानावर गुंजनने पालथ्या घातलेल्या ड्रमवर बेल्ट मांडले आणि बोलायला लागली. जळल्याची खूण नाही, म्हणून ताईची चूक नाही. खोकं एकच, म्हणून दुकानाची नाही. रबर फाटलेलं, म्हणून ब्लेड नाही. दोन जखमा समोरासमोर, दोन्हीवर गंज, म्हणून बेल्ट लोखंडावर टांगून खाली ओझं लावलेलं. सरांनी एक एक बेल्ट उचलून, दाबून पाहिला. त्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू बदलत गेली.

"टांगला कोणी?" त्यांनी विचारलं.

इथपर्यंत गुंजन सुसाट आली होती. आता ती ड्रमवरचे बेल्ट उगाच सरळ करत राहिली. तिला नाव घ्यायचं नव्हतं, आणि नाव न घेता ताई सुटत नव्हती.

"मी," मागून आवाज आला. नत्थूजी गर्दीतून पुढे आले. "जिनातलं शायनपन इथं लावलं म्या, सर. पोरीची काई चूक नाई. माह्या हातानं झालं."

कोणी हसलं नाही. सरांनी चष्मा काढून पुसला आणि कबूल केलं की बेल्टाची तूट त्यांनीच आधी नीट बघायला हवी होती. पण नियम तो नियम, तीस फेऱ्या पूर्ण व्हायला हव्यात. आणि शेवटचा बेल्ट तर गेला.

भूपेंद्रचा आहे, गुंजन म्हणाली. आठ दिवस टिकलेला. तोच ताईला द्या. ताईचा पाय वाईट असेल तर हाही तुटेल, नसेल तर टिकेल.

सगळ्यांनी भूपेंद्रकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले, पिशवीतून बेल्ट काढला आणि सपनाकडे फेकला. सपनाने तो झेलला, आणि घोरपडीकडे न जाता नत्थूजींपुढे जाऊन उभी राहिली.

"आबाजी, तुमीच चढवा."

नत्थूजींनी हात मागे घेतले. ती तशीच उभी राहिली, बेल्ट पुढे धरून. शेवटी त्यांनी खिशातला पाना काढला.

पहिल्या दहा फेऱ्या गुंजनने श्वास रोखून मोजल्या. चढ, दगड, कोरडा नाला, पुन्हा चढ. पंधरावीला पोरं टाळ्या वाजवायला लागली. विसावीला नत्थूजी उभे राहिले ते बसलेच नाहीत. सव्वीसाव्या फेरीला घोरपड नाल्यातून बाहेर आली, मैदानाच्या पार त्या टोकाला दोन गचके बसले, आणि ती थांबली.

कुठूनच काही आवाज आला नाही. इंजिनसुद्धा गप्प.

नत्थूजींनी डोळे मिटले. सर हळूहळू घड्याळ खाली करत होते. दूरवर सपना सीटवरून उतरली, तिने वाकून बेल्टाचं झाकण उघडून बघितलं, मग हेल्मेट काढून दोन्ही हात तोंडाशी धरले आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडली.

"पेट्रोल संपलं रे."

सरांनी घड्याळाची कळ पुन्हा दाबली. पेट्रोल भरायचं काम कोणाचं होतं, असं त्यांनी विचारलं. भूपेंद्र कान खाजवत होता.

"मीनं पंचवीसच फेऱ्यांचं टाकलतं, सर," तो म्हणाला. "याच्यावर जाईन असं वाटलं नाई मले."

मग त्याने कॅन उचलला आणि भर उन्हात, दगडांवरून उड्या मारत, घोरपडीकडे पळत सुटला. राहिलेल्या फेऱ्या मोजायला गुंजन पुन्हा ढिगावर चढली.